अल्फियाला मोठ्यानं बोलता यावं म्हणून गच्चीची किल्ली मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे जांभूळमाळ, ता. खेड

विषय : माहितीपटातील मुलाखतींसाठी कार्यालयाची गच्ची शनिवारी सकाळी दोन तास वापरू देणेबाबत.
संदर्भ : १) समाजमंदिर वापराचे आपले परवानगीपत्र, दि. १० नोव्हेंबर. २) शिपाई श्री. कोंडीराम यांचा तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार सायली जयसिंग भोर, रा. निघोजे, ही कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांच्या लेकरांवर लहानसा माहितीपट करीत आहे. आपल्या परवानगीने समाजमंदिराच्या बिनखिडकीच्या खोलीत दोन दिवे, उजेड पसरवणारी एक पांढरी छत्री व एक स्टूल मांडून तिने आरंभ केला. पहिल्या दिवशी आयांनी मुलांना इतकी पावडर थापून धाडले, की दिव्याखाली नाक-डोळे शोधावे लागले. त्याबद्दल तक्रार नाही. पावडर पुसता येते.

अडचण निराळीच आहे. बाहेर गल्ली डोक्यावर घेणारी ही मुले दिवा लागताच कुजबुजू लागतात. प्रज्वल (वय ८) याने तर चार वेळा उठून बटण बंद केले. कारण विचारता म्हणाला, "ताई, बाबा उठतील ना!" बाबा त्या वेळी चार गल्ल्या पलीकडे घरी झोपले होते. एका खोलीत रात्रपाळीचा बाप दिवसा निजलेला. दिवा लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, हे या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होते. सबब, दिवा लावला तर चेहरा दिसतो, आवाज येत नाही. विझवला तर जरासा आवाज येतो, चेहरा दिसत नाही. अर्जदाराकडे आजमितीस दोन तासांची कुजबुज आणि चाळीस मिनिटांचा अंधार जमा आहे.

उघड्यावर बसावे, तर प्रत्येक भिंतीआड कोणी ना कोणी झोपलेले. तिथल्याच एका घरातून सावित्रीबाईंनी लाटणे घेऊनच बाहेर येऊन सांगितले, "माझा ल्योक आत्ता कुठं पडलाय, चला, उठा हितनं!" गावभर फिरून अर्जदार या निष्कर्षाप्रत आली आहे, की कार्यालयीन वेळेत कोणी झोपत नाही अशी इमारत एकच, ती म्हणजे आपले कार्यालय. (श्री. कोंडीराम यांच्या दुपारच्या विश्रांतीपूर्वी काम उरकण्यात येईल.) गच्चीवरच्या उजेडाला बटणही नाही, त्यामुळे प्रज्वलचाही इलाज चालणार नाही.

श्री. कोंडीराम म्हणतात, "वर टाकी हाय, पोरं पाण्यात पाय घालत्याल." टाकीच्या झाकणावर अर्जदार स्वतः बसून राहील.

घाई एवढ्याचसाठी, की अल्फिया (वय ७) हिचे वडील नवाबभाई यांना दुसऱ्या गावी काम लागले असून रविवारी सकाळी त्यांचे बिऱ्हाड हलते आहे. "अब्बूंना काय सांगशील?" असे विचारले, तेव्हा ती अंधारात अर्जदाराच्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगते. पण ते मोठ्यानं सांगायचंय."

तिला एकदा तेवढी जागा द्यावी. नवाबभाईंनी शनिवारी रात्रपाळीहून आल्यावर जागे राहण्याचे कबूल केले आहे.

उन्हाच्या भरवशावर असलेली,
आपली नम्र,
सायली जयसिंग भोर
दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) परवानगीपत्राची प्रत.
२) अल्फियाची कुजबुज, अकरा सेकंद. (ऐकताना कृपया पंखा बंद करावा.)