विसरलेल्या कांद्यांबद्दल अस्मरताईस

आदरणीय अस्मरताई,

शालोम. धाकट्या भावाचा, साब्तोचा, वाकून नमस्कार. तिबेरियाच्या गरम पाण्याने तुझे गुडघे थोडे वळायला लागले असतील अशी आशा आहे. दाजींचा खोकला कसा आहे? (त्यांनी सिगरेट सोडली नसेल, तर उत्तरात तो विषय टाळ, उगाच तुला खोटं लिहावं लागेल.) इकडे मी ठीक. शवुओतचा सण झाला, कांदे निघाले.

आता कांद्यांचंच सांगतो. या टेकडीवर आल्या आल्या आपल्या वडिलांनी काकडी, टरबूज, लीक (ती कांद्यासारखी जाड पात), कांदा आणि लसूण लावला होता. वाळवंटात आपल्या पूर्वजांनी याच पाच जिनसांसाठी मोशेपुढे गळा काढला होता ना! गुलामीतून सुटले, आभाळातून रोज आयतं अन्न, मान्ना, पडतंय, आणि ही मंडळी कांद्यासाठी रडताहेत. लहानपणी मला त्यांची लाज वाटायची. आता बायको गेल्यापासून सहा वर्षं एकट्याने जेवतोय, तेव्हा त्यांचं सगळं पटतं. फोडणीचा वास आला की घर आठवतं आणि घरातलं माणूसही आठवतं.

तर आपल्या मोशावातला, या शेतकरी वस्तीतला, नियम तुला ठाऊक आहे. पीक काढताना शेतमालक जे विसरला, ते आणायला त्याने मागे फिरायचं नाही. ते विधवेचं, अनाथाचं, परक्याचं. (शहरात आता कोण पाळतो म्हणा!) जमिनीखालच्या कांद्याला हा नियम लागतो की नाही, यावर जुन्या पंडितांची जुंपली होती. पण आमचे धर्मगुरू हाखाम एलिया यांनी दोन दिवस ग्रंथ चाळले आणि लागतो असं सांगून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या शेतात फक्त ऑलिव आहेत, ही गोष्ट वेगळी.

शेजारची नाझे तुला आठवतच असेल. तिचा नवरा मोर्दखाय जाऊन चार वर्षं झाली. ती कुणाचं फुकट घेत नाही. वल्हांडण सणाला गावाने पाठवलेली शिध्याची पेटी तिने धन्यवाद म्हणून परत केली. शेतात विसरलेलं मात्र ती ताठ मानेने गोळा करते, कारण तो तिचा हक्क. यंदा तिची बाग वाळली. होलोन शहरात राहणारा तिचा मुलगा म्हणतो, आई, इकडे ये, तुझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. हिवाळ्यापुरता साठा झाला नाही तर सुक्कोतच्या सणानंतर ती जाणार. ते घर बंद झालेलं मला बघवणार नाही. (शेजारी म्हणून म्हणतोय.)

तेव्हा मी विसरायचं ठरवलं. ताई, तू कधी ठरवून विसरून पाहिलं आहेस? बाकीच्या आज्ञा मनावर घेतल्या की पाळता येतात, ही मनावर घेतली की मोडते. एरवी मी चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधतो, पण त्या आठवड्यात मला एकूण एक कांदा पाठ होता. पहिल्या दिवशी तीन पोती बांधावर ठेवून शीळ घालत घरी आलो. अर्ध्या तासात नाझे दारात हजर, हातगाडीवर तिन्ही पोती. "एकदोन राहिली तर विसरली म्हणतात, साब्तो. तीन म्हणजे ठेवली!" दुसऱ्या दिवशी एकच पोतं झुडपाआड ठेवलं. तेही आलं. "झुडपाआड कोण विसरतं रे? झुडपाआड लपवतात." तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ उपटलीच नाही आणि खिडकीत जाऊन बसलो. नाझे आली, ओळीपाशी थांबली आणि तिथूनच ओरडली, "विसरलायस ना? मग बघतोयस काय?" मी पडदा ओढून घेतला.

पडद्यामागे बसल्यावर त्या नियमातलं शहाणपण कळलं. देणाऱ्याला पत्ता नसतो, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मी मात्र प्रत्येक पोत्याबरोबर स्वतःही जात होतो, आणि तिला ते दिसत होतं. फार वाईट वाटलं, ताई. ती ओळ अजून तशीच उभी आहे. तिलाही नको, मलाही उपटवत नाही.

असो. लोभ आहेच, गुडघे सांभाळ.

तुझा,
साब्तो

ता. क. तेलाची बाटली पाठवतोय. गुडघ्यांना लाव, दाजींना कोशिंबिरीवर ओतू देऊ नकोस.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं की तू इकडे ये आणि माझ्यासाठी नाझेला विचार. मी स्वतः तीनदा गेलो आणि तीनदा लीकवरच्या किडीबद्दल बोलून परत आलो. नाही म्हणाली, तर तू आपल्या मनाने आली होतीस असं सांग.

ता. क. ३. अस्मरताई, मी नाझे. तुमचा भाऊ आज चौथ्यांदा आला, किडीबद्दल बोलला आणि हे पत्र माझ्या ओट्यावर टाकून गेला. या वेळी खरोखर विसरला, मी तोंड बघितलंय त्याचं. फाटकापासून धापा टाकत परत आला, पण विसरलेल्यासाठी मागे फिरायचं नसतं आणि मी विधवा आहे, म्हणून दिलं नाही. हाखामांना विचारायची त्याची छाती नाही. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी विचारायला येऊ नका, अव महिन्यातल्या उपासानंतर थेट लग्नालाच या. ती ओळ मी उद्या उपटून घेते. होलोनला मुलाला आजच लिहिलं, ती खोली नातवंडांना दे.