ताण्यावरून गेलेली गाडी

सोम. २ फेब्रु.

शनिवारी महापौर झालो. आज सोमवार, अन् अजून एकदाही धड दाढी झालेली नाही. एक गाल झाला की कुणीतरी दारात उभं. आजचा पहिला इसम: त्याची म्हैस कोंडवाड्यात अडकली आहे, महापौरांनी सोडवावी. म्हटलं, दंड भरा, सुटेल. म्हणे, दंडच भरायचा असता तर तुमच्याकडे काहून आलो असतो?

मग काटोलहून साडू. पहिल्या बसने, संत्र्यांची टोपली घेऊन. पोराला म.न.पा.त चिकटवा म्हणतो. नेमणुका आयुक्त करतात, महापौर करत नाही, असं तीनदा सांगितलं. विश्वास बसला नाही. टोपली ठेवून गेला, म्हणजे पुन्हा येणार.

घरात नारळ एकतीस. शाली कुणी मोजल्या नाहीत. माझी बायको, शांता, म्हणते, वर्षभर चटणीच खा आता.

रविवारी संध्या. आपल्या गल्लीचा सत्कार. मी नागरिकांना उद्देशून बोलायचं. गल्लीला वाटतं, आपल्यातला विणकर महापौर झाला. विणकर कसला, माग सोडून बावीस वर्षं झाली, सगळी मास्तरकीत गेली. पण माझा थोरला भाऊ, दादा, अजून मागावर बसतो. तेवढं त्यांना पुरतं. आमच्याकडे फुलांचा हार नसतो. गल्लीतल्या वडील माणसाने सुताची लड गळ्यात घालायची. म्हणजे दादानेच. त्या एका हाराची वाट पाहतो आहे. बाकीच्यांनी मान दुखते.

मंगळ. ३

आयुक्तांकडे पाऊण तास. माणूस सभ्य, चहा उत्तम, उत्तर सगळ्याला एकच: तपासून पाहतो. नळ, तपासून पाहतो. शाळेचं छप्पर, तपासून पाहतो. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. लोकांना वाटतं मी गावाचा धनी. मला शिपायाची बदलीही करता येत नाही. गाडी मिळते, झेंडी मिळते, आणि पाठक मिळतात. पाठक माझे पी.ए. मी बोलण्याआधी ते घसा खाकरतात.

एक काम मात्र मंजूर. आमच्या गल्लीचा डांबरी रस्ता. नगरसेवक झाल्यापासून तीन वर्षं मागे लागलो होतो. अर्जावर घरोघरची सही नाहीतर अंगठा. पहिला अंगठा बनाबाईचा. त्या पावसाळ्यात तिच्या सुनेला खाटेवर घालून चिखलातून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली होती, दवाखान्याची गाडी आत येईना. सून वाचली, बाळ नाही. बनाबाई दुसऱ्या आठवड्यात स्वतः माझ्या दारात आली, म्हणाली, कुठं अंगठा द्याचा ते सांग.

काम सोमवारी ९ तारखेला सुरू. नारळ मी फोडायचा (घरात आहेतच). रविवारच्या भाषणात हेच जाहीर करीन. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

बुध. ४

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी इतवारीत एका वाचनालयाचं उद्घाटन होतं. परत येताना साडेआठ. शांताची हौस, गाडी एकदा दारापर्यंत यावी. ड्रायव्हर म्हणाला, गल्ली अरुंद आहे साहेब, इथेच उतरता का? मी म्हणालो, जाते, घे आत. मी मागे बसून भाषणाचा कच्चा कागद वाचत होतो.

साडेआठ म्हणजे पाजणीची वेळ. ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, गल्लीभर लांब लावायचा, कुंच्याने खळ द्यायची, कोवळ्या उन्हात वाळवायचा. घरटी एक माणूस येतो, बोलवावं लागत नाही. आणि लावलेला ताणा कुणी ओलांडत नाही. वरात असली तर नवरदेव घोड्यावरून उतरून कडेने जातो. मयतसुद्धा मागच्या बोळाने वळवतात. हे मला ठाऊक नाही असं नाही. शाळेत पोरांना मीच सांगायचो.

वळणावर ऊन समोरून. पांढरं सूत अशा उन्हात दिसत नाही, हे ज्याला कळायला हवं तो कागदात डोकं घालून बसलेला. लोक ओरडले. ड्रायव्हरला वाटलं जयजयकार. चार दिवस तोच ऐकतो आहे बिचारा. मलाही तेच वाटलं. मी हात जोडले.

निम्मा ताणा तुटला. बनाबाईचा. ती ओरडली नाही, भांडली नाही. खाली बसून टोकं गोळा करू लागली. मी उतरलो तशी वर पाहून एवढंच म्हणाली,

"आत तूच होता का गा, मास्तर?"

दादा कुंचा घेऊन उभा होता. माझ्या हातांकडे पाहत होता. ते अजून जोडलेलेच होते. कुंचा ठेवला आणि घरात गेला.

गुरु. ५

गल्ली दिवसभर तुटलेले धागे सांधत बसली. हजारावर असतील. मीही जाऊन बसलो. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. महापौर आल्यावर उभं राहतात तसं तर मुळीच नाही. ते एक बरं.

बोटं पार विसरलीत. माझ्या गाठी सुटत होत्या. तासाभराने मागे पाहिलं तर दादा माझ्या मागून येत होता, माझी प्रत्येक गाठ सोडून पुन्हा बांधत. वडील असेच शिकवायचे, पण ते निदान टपली मारायचे.

पाठकांचा निरोप: अकराला पाहुणे, यावेच लागेल. प्रकृती बरी नाही असं कळवलं. ड्रायव्हर आपण होऊन आला, बनाबाईच्या पाया पडला. तिने त्याला चहा दिला. मला नाही दिला.

शुक्र. ६

दुष्काळात तेरावा महिना.

रस्त्याची फाइल आज पहिल्यांदा पूर्ण वाचली. तिसऱ्या पानावर अट सातवी: सदर रस्त्यावर कोणतीही वस्तू बांधणे, ताणणे वा वाळत घालणे यास मनाई राहील, केल्यास जप्त करण्यात येईल. खाली अर्जदार म्हणून माझी सही. तीन वर्षांपूर्वीची, झोकदार. प्रश्न पुरता वाचला नाही म्हणून किती पोरांचे मार्क कापले असतील मी, देव जाणे.

आयुक्तांकडे गेलो. म्हणाले, मागणी आपलीच होती ना? नियम सगळ्या शहराला सारखा. नाल्यापलीकडे मैदान आहे, तिथे वाळवू द्या. त्यांना कसं सांगावं? ओली खळ, ओला ताणा, तो उचलून नाल्यापलीकडे कोण नेणार? आणि नेला तरी तिथे घरटी माणूस कुठून येईल? कुंचा फिरवायला सहा-आठ हात लागतात, ते गल्लीत आहेत म्हणून माग चालतात. पाजणी गेली की दोन वर्षांत माग गेले. मग कामठीचे पॉवरलूम आहेतच गिळायला.

अट काढता येईल का, विचारलं. तपासून पाहतो.

संध्या. दादाकडे जाऊन सांगितलं. बुधवारपासून पहिल्यांदा बोलला.

"रस्ता कोन मागतला होता गा? आमी चिखल नको म्हनलो होतो."

शनि. ७

बातमी गल्लीत पसरली. मी फक्त दादाला सांगितलं होतं, आणि शांताला. आता दोन्हीकडून बोलणी. तरुण मंडळी म्हणतात रस्ता झालाच पाहिजे, माग कुणाला हवेत, आम्ही काय जन्मभर खळ लावून राहू? म्हातारे म्हणतात रस्ता परत द्या. रस्ता काय लुगडं आहे परत द्यायला. काम थांबवलं तर मंजुरी दुसऱ्या वॉर्डाला जाते, पुन्हा तीन वर्षं. आणि पावसाळा येतोच आहे, अन् कुणाच्या तरी घरी सून असतेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पाठकांनी भाषण टाईप करून आणलं. अकरा मिनिटांचं. "या ऐतिहासिक नगरीच्या सर्वांगीण विकासाचा संकल्प" वगैरे. शांताला वाचून दाखवलं. भाजी निवडत ऐकलं तिने. म्हणाली, "यात सारं नागपूर हाये. आपली गल्ली कुठं हाये?"

तिला म्हटलं, तूच लिही मग. ओरडायला नको होतं.

रवि. ८

झाला सत्कार.

प्रास्ताविकाचे तिघे. प्रत्येकाने मला लहानपणी पाहिलं होतं. मग मी. आणि काय केलं मी? पाठकांचा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. भित्रा तो भित्राच. रस्ता उद्या सुरू होतो हे जाहीर केलं, मागच्या तरुणांनी टाळ्या पिटल्या. सातव्या अटीबद्दल अक्षर नाही. जाऊन खुर्चीत बसलो. घाम फेब्रुवारीत.

आभाराचा माणूस उठला तेवढ्यात बायकांमधून बनाबाई उभी राहिली. म्हणाली, याचं झालं, आता माया एक सवाल. ताणा लावू देनार का नाई रस्त्यावर?

उठावं लागलं. अट वाचून दाखवली, पाठ होती. मी न वाचता सही केली हेही सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

बनाबाई उभीच. शांत आवाजात बोलली, पण शेवटच्या माणसापर्यंत गेलं:

"माया नातू याच गल्लीच्या चिखलात गेला. मले रस्ता पायजे. अन् मायं पोट ताण्यावर हाये, मले ताणाबी पायजे. दोन्ही पायजे म्हनून तुले निवडून देल्लं. हार घालाले नाई देल्लं."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

उद्या सांगतो! बावीस वर्षं वर्गात उभा राहून बोललेला माणूस, आणि हे उत्तर. आयुक्तांचं "तपासून पाहतो" याहून बरं होतं.

सुताची लड ताटात ठेवली होती, हळदीकुंकू लावून. सूत्रसंचालकाने दादाचं नाव पुकारलं. दादा उठला, ताट उचललं, आणि घरी घेऊन गेला.

सोम. ९

सकाळी साडेसहाला दारावर थाप. दादा. मला वाटलं, ताट घेऊन आला. हातात कुंचा.

म्हणाला, बनाबाईचा ताणा लावून राहिलो. "घरटी मानूस आला. आपल्या घरातून कोनी नाई अजून."

तसाच गेलो, बनियनवर. गाठी विसरलो असेन पण कुंचा हाताने धरला. दादा त्या बाजूला, मी या बाजूला, पावलाला पाऊल. ताणा दादाच्या दारापासून माझ्या दारापर्यंत. सांधलेले धागे हाताला कळतात, जागोजाग खडा लागतो. अर्ध्यात आलो तेव्हा दादा म्हणाला, खळ पातळ लावून राहिला तू. एवढंच. पण बोलला.

आठाला रोलर आला. गल्लीच्या तोंडाशी उभा आहे, धूर सोडत. मागोमाग इंजिनीअर, कंत्राटदार, आणि बूट घालून पाठक. पाठकांनी घाईत ताण्यावरून पाय टाकायला उचलला, आणि आख्खी गल्ली एकदम म्हणाली, ओलांडू नका. ते पाय उचललेलाच ठेवून राहिले. मग मागच्या बोळाने वळसा घालून आले.

इंजिनीअर म्हणाला, साहेब, हे उचलायला सांगा, नऊचा मुहूर्त आहे. म्हटलं, वाळू द्या. म्हणाला, आज वाळेल, उद्यापासून काय? मी म्हटलं, नारळ न फोडताच सुरू करा की. तो कंत्राटदाराकडे पाहून हसला. म्हणाला, नारळ फुटल्याशिवाय हा यंत्राला हात लावत नाही, आणि आठवड्याच्या आत काम लागलं नाही तर मंजुरी रद्द.

नऊ दिवस झाले महापौर होऊन. माझ्या हातात काय आहे म्हणून विचारत हिंडतो आहे. नारळ आहे.

न फोडावा तर सातवी अट निघेपर्यंत अडवता येतं. नाही निघाली तर रस्ता गेला, आणि जूनमध्ये पुन्हा खाट. फोडावा तर आज या घडीपासून ताणा जप्तीचा. आयुक्तांना फोन लावायला पाठकांना नाक्यावरच्या दुकानात पाठवलं आहे. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. तरी पाठवलं आहे.

टोपी आणतो सांगून आत आलो आणि हे लिहीत बसलो. वहीच्या पानाला खळ लागली. खिडकीतून दिसतं: ताणा निम्मा वाळला, पांढरा होत चालला आहे. बनाबाई त्याच्या टोकाशी उभी, माझ्या दाराकडे तोंड करून. दहा मिनिटं झाली, हलली नाही.

शांताने ढिगातला एक नारळ धुऊन टेबलावर ठेवला. दारात दादाचा आवाज:

"निंगाला का गा?"