आदल्या दिशी जा की

अव्वा, तुझा तो शास्त्रज्ञ शेवटी काय करतो ते काल मला कळलं. लेकीनं मोबाईलवर शोधून दिलं. म्हणजे ती दुसरंच काहीतरी शोधत होती, मध्येच तिला ती जुनी मालिका दिसली आणि हसत हसत मला म्हणाली, आई, तुम्ही असलं बघत होता व्हय, पत्र्याचा हंडा उलटा करून केलेलं यान? मी कांदा चिरत होते. सुरी ठेवली, पदराला हात पुसले आणि फोन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. ती बघतच राहिली. तिला काय सांगणार, आणि कुठून सुरुवात करून? तुला मात्र सगळं सांगायचंय आणि तू नाहीस. तुझी ही जुनीच खोड. महत्त्वाचं बोलणं निघालं की तू उठून चुलीपाशी जायचीस.

अप्पांनी तो शटरचा टीव्ही आणला तेव्हा माझा भाऊ, आपला अण्णा, जाऊन काही वर्षं झाली होती. अप्पा म्हणाले नाहीत, पण तो तुझ्यासाठीच आणला होता. गुळाच्या दुकानात दिवसभर माणसांत असणारा माणूस संध्याकाळी घरी यायचा आणि तू भिंतीकडं तोंड करून काहीतरी निवडत बसलेली असायचीस. तुझं थोरलं पोरगं गेलं हे आम्ही मान्य केलं होतं. तू जे धरून बसली होतीस ते वेगळंच होतं. गोकाकचा मामा जेवायला येणार होता आणि तुला घनसाळ तांदूळ हवा होता. घनसाळ इथं बाजारात मिळत होता, पण तुला आजऱ्याचाच पाहिजे होता, तिथल्याच गिरणीतला, वास येणारा. अण्णा म्हणाला, उद्या जातो. तू म्हणालीस, आजच जा. दोस्ताची मोटारसायकल घेऊन तो गेला, आणि येताना उत्तूरजवळ उसाच्या ट्रॉलीला धडकला. तांदळाचं पोतं शाबूत घरी आलं. ते तू कुणाला दिलंस ते आम्ही कधी विचारलं नाही. आपल्या घरात परत तो भात शिजला नाही.

टीव्ही आला तरी तू वर्षभर त्याच्यासमोर बसली नाहीस. गल्लीतली पोरंसोरं, समोरच्या काकी, त्यांच्या सुना, सगळी आपल्या बाहेरच्या सोप्यात चटईवर आणि तू आत. मग रविवारी सकाळी ती मालिका लागायला लागली. दुसऱ्या ताऱ्यावरून शत्रू येतात, राखी रंगाचे, तोंडाला नाक नाही की डोळे नाहीत. ते माणसं पळवून नेतात. एका शास्त्रज्ञाची लहान मुलगी त्यांनी नेलेली असते, आणि तो एक गोल खोलीवजा यंत्र बनवतो. त्यात बसून दांडा ओढला की मागच्या काळात जाता येतं. तू पाण्याची घागर घेऊन आत चालली होतीस. यंत्र फिरलं, तो बाहेर आला आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या सालचं होतं. तू तिथंच उंबऱ्यावर टेकलीस. घागर मांडीवर तशीच. काकींनी नुसतं सरकून तुला चटईवर जागा केली.

त्यानंतर तुझा रविवार ठरला. विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा उरकून तू वेळेआधी येऊन बसायचीस. हिंदी तुला धड कळत नव्हती, मी सांगत राहायची. त्या राखेच्या माणसांवर तुझा भारी राग. इभूत फासून दुसऱ्याची पोरं न्यायची व्हय रं, म्हणून तू त्यांना मोठ्यानं शिव्या द्यायचीस आणि सगळा सोपा हसायचा. पण शास्त्रज्ञावर तुझा राग त्याहून जास्त. तो दर वेळी त्याच दिवशी जायचा, ज्या दिवशी मुलगी नेली. दर वेळी पोचायचा तेव्हा शत्रू आलेलेच असायचे. मारामारी व्हायची, मुलगी जायची, हा परत. तू चटईवर पुढं सरकून टीव्हीला सांगायचीस, "आदल्या दिशी जा की रं! आदल्या दिशी कोण न्हाय तितं!" पोरं हसायची. अप्पा पण पहिल्यांदा हसले. दुसऱ्या रविवारी ते उठून बाहेर गेले आणि दुकानाकडं निघून गेले. मलाही तेव्हाच कळलं की तू कुणाला सांगतेस.

शेवटच्या आधीचा भाग असा संपला की त्याच्याकडं इंधन अगदी थोडं उरलंय, जेमतेम एका खेपेचं. मुलगी ज्या दिवशी गेली त्याच दिवशी आभाळात शत्रूंचं यायचं दार उघडलेलं असतं. तिला वाचवलं तर दार उघडंच राहणार आणि सगळी दुनिया राखेच्या माणसांची होणार, असं काहीतरी. मला ते अजून नीट कळलेलं नाही. तो यंत्रात बसला, दांड्यावर हात ठेवला, आणि संगीत. तो आठवडा तू कसा काढलास ते मला आठवतंय. भांडी घासताना मध्येच थांबून मला विचारायचीस, दांडा वढंल न्हवं? मी म्हणायची, ओढेल गं. कुठल्या दिवसाला जाईल? आदल्याच, मी म्हणायची, त्याला पण कळलं असेल आता. तू मान हलवायचीस आणि परत घासायला लागायचीस. किती दिवसांनी तू कशाची तरी वाट बघत होतीस.

शनिवारी दुपारी समोरचे काका गेले. काकींचे मालक. तालमीतलं जुनं शरीर, जेवून पानाला चुना लावता लावता गेले.

आपल्या गल्लीचा रिवाज तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कुणाच्या घरात मयत झालं की राख सावडेपर्यंत गल्लीत टीव्ही लागायचा नाही, रेडिओ लागायचा नाही. ज्याचा लागला त्याच्या घरी वर्षभर कुणी चहा प्यायचं नाही. पण आपण लिंगायत, आपल्यात सुतक नाही. अण्णाला बसवून माती दिली, वर बेलाची पानं, आणि तिसऱ्याच दिवशी अप्पांनी दुकान उघडलं होतं. तेव्हा गल्लीत काय काय बोललं गेलं ते तू ऐकलं होतंस. ह्यांना सुतक न्हाय म्हंजे दुःख बी न्हाय काय, असं नळावर कुणीतरी म्हणालं होतं आणि तू घागर अर्धीच भरून परत आली होतीस. त्या दिवसांत एकट्या काकी रोज पिठलं-भाकरी घेऊन यायच्या. आपल्याला चूल पेटवायला बंदी नव्हती. तू पेटवायचीस पण, आणि तिच्यासमोर नुसती बसून राहायचीस. काकी आपल्या हातानं ताटं वाढायच्या, तुझ्याजवळ बसायच्या आणि निघताना म्हणायच्या, वैनी, घास घ्या. त्यांच्या घरचा रेडिओ महिनाभर बंद होता. त्यांना तर आपलं काही सुतक नव्हतं.

रविवार उजाडला. मी तेव्हा कॉलेजात, अक्कल कमी आणि तोंड मोठं. मी अप्पांना म्हणाले, आपल्यात सुतक नसतं, लावू की. अप्पा पण त्या मताचे होते. त्यांना तुझ्यासाठी हवं होतं ते, अव्वा. ते म्हणाले, दार लावून घेऊ, आवाज बंद करू, नुसतं चित्र बघू. तू चुलीपाशी पीठ काढत होतीस. उठलीस, सोप्यात आलीस, टीव्हीचं शटर ओढलंस, कुलूप घातलंस आणि किल्ली कनवटीला लावलीस.

"सुतक आपल्याला न्हाय," तू म्हणालीस. "पण तिला हाय की."

अप्पांनी चपला घातल्या आणि समोर मयताच्या घरी पुरुषांत जाऊन बसले. मी मात्र भांडले तुझ्याशी. शेवटचा भाग आहे, परत लागणार नाही, मरेपर्यंत कळणार नाही काय झालं ते, असं सगळं ओरडून झालं. तू मला पिठलं ढवळायला बसवलंस. दहा-बारा माणसांचं पिठलं, मोठ्या पातेल्यात, आणि मी गाल फुगवून बसलेय. तू परातीत भाकरी थापतेयस. सवयीनं दोन पोरं दारात येऊन उभी राहिली, तू आतूनच त्यांना म्हणालीस, जावा रं, आज न्हाय. मग पलीकडच्या गल्लीतून ते संगीत ऐकू आलं. तिथं कुणी मेलेलं नव्हतं. सगळ्या घरांतून एकदमच येत होतं. तुझा हात परातीवर थांबला. तव्यावरची भाकरी उलटायची होती, ती तू उलटली नाहीस. मी बघत होते. मी पण उलटली नाही. धूर निघाला तेव्हा तू दचकलीस, भाकरी काढलीस, एका बाजूनं पार काळी झाली होती. तुझ्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकच पाहिली. ती तू बाजूला ठेवलीस आणि बाकीच्या टोपलीत रचून, वर फडकं टाकून समोर घेऊन गेलीस.

परत आलीस तेव्हा भाग संपून गेला होता. तोवर माझा राग पण निवला होता. मी म्हणाले, उद्या कॉलेजात मैत्रिणीला विचारून येते, ती शाहूपुरीत राहते, तिनं बघितला असणार. तू हात धुवत होतीस.

"नगं," तू म्हणालीस. "त्यानं आणलं असंल तिला, तर मी का न्हाय आणलं म्हणून माझाच जीव मला खाईल. आन् न्हाय आणलं असंल, तर मग आणायला येतच न्हाय म्हणायचं कुनाला. मला दोनी बी नगं."

मग ती करपलेली भाकरी पाण्यात बुडवून तू तिथंच चुलीपाशी बसून खाल्लीस. टीव्हीचं शटर तिसऱ्या दिवसानंतर उघडलं, पोरं परत येऊ लागली, पण तू चटईवर बसली नाहीस. मी कॉलेजात कुणाला विचारलं नाही. मैत्रिणी सांगायला लागल्या तर उठून गेले. तू शपथ घातली नव्हतीस, तरी मी पाळली. दवाखान्यात, अगदी शेवटी शेवटी, तू मला ओळखत नव्हतीस, नर्सलाच 'माझं पोरगं' म्हणत होतीस, तेव्हा एका दुपारी डोळे उघडून अगदी शुद्धीत म्हणालीस, "त्यो गेलता का गं आदल्या दिशी?" गेलता म्हणायला काय जात होतं माझं, पण तुझ्यासमोर खोटं बोलायची हिंमत मला कधीच झाली नाही. मी तुझ्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं.

तर ऐक. गेलता, अव्वा.

आधी त्यानं इथूनच दार बंद केलं. राखेचे सगळे राख झाले. मुलगी नेली त्या दिवसाला त्यानं हात लावला नाही, तो दिवस तसाच राहू दिला. आणि मग शेवटचा थेंब घालून तो आदल्या दिवशी गेला. संध्याकाळ होती. मुलगी अंगणात खेळत होती. त्यानं तिला आत बोलावलं, हातपाय धुवायला लावले, शेजारी बसवून जेवू घातलं. ती नको नको म्हणत होती, त्यानं संत्रं सोलून दिलं. उद्या बाहेर जाऊ नको असं एका शब्दानं म्हणाला नाही. तिनं विचारलं, बाबा, रडता का? आणि मालिका संपली. तुला दोन्ही नको होतं ना? त्यानं दोन्ही केलं. गेला पण, आणि आणलं पण नाही. तू असतीस तर टीव्हीवर पाटा फेकून मारला असतास, जेवाय गेलता व्हय रं मुडद्या, म्हणून. मी मात्र फोन हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिले. लेक म्हणाली, आई, कांद्यानं एवढं पाणी येतं?

मग ती सहज म्हणाली, तुला जायला मिळालं असतं तर कुठं गेली असतीस? मी परत कांदा चिरायला घेतला. हा लिहितेय तो कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून तुला सांगते. अण्णाचा आदला दिवस असं म्हणायला हवं. तू तेच म्हणाली असतीस, उभ्या गल्लीला तेच पटलं असतं. पण मला आठवली ती तुझी चूल. तो रविवार. अण्णा नाहीच आहे. समोर काका आडवे आहेत. मी फुगलेय, तू भाकरी थापतेयस, आणि तुझा हात थांबलाय. मी तिथं जाईन, अव्वा. टीव्ही लाव म्हणणार नाही. ती करपलेली भाकरी तेवढी माझ्या ताटात घेईन.