तेवढ्यात लांडगे आले

प्रिय वैद्यीणबाई,

खेळातल्या नावाने हाक मारतोय, रागावू नकोस. तू भावाकडे राहायला गेलीस त्याला पाच महिने झाले. आपला रविवार दुपारचा खेळ अजून चालू आहे. तेच जेवणाचं टेबल, तेच फासे, आणि गोष्ट सांगणारा सूत्रधार मीच. शिंपीकाका आणि त्यांची सून न चुकता येतात. गोष्टीत काका अजूनही सरदार होतात, आणि चहाआधी दोन राक्षस लोळवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

नवी मोहीम आखायला घेतलीय. वहीच्या डाव्या पानावर कथा, उजव्यावर लढाया. उजवं पान भराभर भरतं, डावं कोरंच राहतं. गेल्या रविवारी काकांच्या सुनेने तोंडावर सांगितलं, की हल्ली नुसती हाणामारी असते, कोण कुणाशी कशासाठी लढतंय तेच कळत नाही. मला वाटलं, काका माझी बाजू घेतील. तर ते म्हणाले, टाके कापड जोडायला असतात, नुसत्या टाक्यांचा शर्ट होत नाही. मी हसण्यावारी नेलं, पण ते मनाला लागलं. लढाई मला सोपी जाते, गं. पुढे काय होणार ते फासे ठरवतात. बोलायचा प्रसंग आला की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, आणि माझी दातखीळ बसते.

बाळ गेल्यानंतर तू पहिल्यांदा खेळायला बसलीस, तो रविवार माझ्या डोक्यातून जात नाही. तुझी वैद्यीण नदीवरच्या नाक्याशी थांबली. तिथल्या पहारेकऱ्याला तिने विचारलं, की माझी मुलगी इथूनच गेली, तुम्ही तिला पाहिलंत ना, कशी दिसत होती ती? सूत्रधार म्हणून पहारेकरीही मीच होतो. मी घसा खाकरला आणि म्हणालो, तेवढ्यात झाडीतून सहा लांडगे आले. वहीत एकही लांडगा नव्हता. तू सगळ्यांच्या जखमा बांधल्यास, फासे डबीत ठेवलेस आणि कपबशा विसळायला उठलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस. मी असा गाढव, की मला वाटलं, सुटलो.

दवाखान्यातून आल्यावर मी तुला सांगितलं होतं, की मी बाळाला नीट बघितलंच नाही. ते खोटं होतं, आणि तुला ते तेव्हाच कळलं होतं.

काल घटस्फोटाचे कागद आले. सही करून सोबत ठेवलेत. परत ये म्हणायला हे पत्र नाही, ते म्हणायला मला तोंड उरलेलं नाही. पहारेकऱ्याचं उत्तर तेवढं द्यायचं राहिलंय. तू भुलीत होतीस तेव्हा नर्सने तिला माझ्या हातात दिलं होतं, वीस मिनिटं. केस दाट होते, कपाळाला चिकटलेले. हनुवटीला तुझ्यासारखी खळी. एक मूठ घट्ट मिटलेली होती, तिच्यात मी माझी करंगळी सरकवली, ती मावली. नाव ठरलं नव्हतं, म्हणून तिला तुझ्याबद्दलच सांगत बसलो. म्हटलं, तुझी आई पलीकडच्या खोलीत झोपलीय, ती उठली की तुला खूप आवडेल.

तुझाच,
नाक्यावरचा पहारेकरी