अष्टमीला, पाण्याच्या वाटेने

६ नोव्हेंबर, बुधवार

उद्या निघायचं — नक्की! आमचे हे, याकूब, संध्याकाळी पुन्हा जाऊन बोटीचं मशीन चालू करून बघून आले. मशीन चालू होते, बंद होते, चालू होते. आणखी काय बघायचं ते यांनाच ठाऊक.

पेणहून एसटीत बसलं की रोहा येतं. तिथून नदी ओलांडली की अष्टमी, माझं माहेर. इतकी वर्षं तशीच गेले. आता बोटीने! शाहिद फोनवर हसतोय — "आपा, भावजींना कुवेतचं ऊन बाधलं काय?" धाकटा भाऊ ना, जीभ सुटलेलीच. म्हटलं, तू मासळीबाजारातून जिताडा आणून ठेव, आम्ही येतोय.

हे अख्खी उमर तिकडे टगवर होते. मोठाल्या जहाजांना ओढणारी बोट ती. मी अख्खी उमर इथे, जमिनीवर. पावसाळ्याआधी कायमचे घरी आले आणि आल्या आल्या जुनी फायबरची बोट घेतली. "एकदा तुला माझ्या वाटेने माहेरी नेतो," म्हणाले. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलंय. पुन्हा एकदा सांगेन सकाळी.

७ नोव्हेंबर, गुरुवार. रेवस

काय काय लिहू!

धरमतरच्या पुलाखालून सुटलो, ओहोटी लागली तशी. हा पूल मी एसटीतून शंभरदा ओलांडलाय. त्याला खालून पोट असतं हे आज कळलं — शेवाळलेलं, ओलं, आणि वरून गाड्या गेल्या की घुमतं. डोलवीच्या कारखान्याच्या धक्क्याला मालवाहू बार्ज लागलेले. लांबून खेळण्यासारखे दिसतात. जवळून गेलो तर तीन मजली इमारतीएवढी लोखंडाची भिंत, आणि तिच्या पायाशी आम्ही दोघं. वरून एक खलाशी ओरडला, "चाचा, कुठं?" हे म्हणाले, "सासुरवाडीला!" त्याने हात जोडले!

मग कारखान्याचा आवाज मागे पडला. दोन्हीकडे तिवरांची झाडी. चिखलावर निवट्या मासे उड्या मारतायत, डोळे डोक्यावर. एक कुदळ्या पक्षी वाकड्या चोचीने चिखलात काहीतरी शोधत होता, आम्ही जवळून गेलो तरी मान वर केली नाही. घरात एवढं शांत कधी नसतं.

गंमत म्हणजे रोहा दक्षिणेला, आणि आम्ही दिवसभर उत्तरेला! "खाडी जशी नेईल तसं जायचं," हे म्हणाले. "समुद्राला लागलो की मग वळायचं." खाडी रुंद होत गेली. आधी डावा काठ लांब गेला, मग उजवा. आणि मग समोर काठच नाही. मी यांच्या दंडाला धरलं. हे हसले फक्त.

रात्र रेवसला, उबेदभाईंकडे. ते यांच्याबरोबर टगवर होते. दोघं जेवताना नुसतं वाऱ्याबद्दल बोलत होते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

वारा आहे. थांबलो. हे जुम्मा पढून आले आणि आभाळ बघत बसले. मी समुद्र बघत. कंटाळा आला नाही — मला! जिला टीव्ही लागतो भाजी निवडायला.

९ नोव्हेंबर, शनिवार. रेवदंडा

उशीर झालाय. तरी लिहिते. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

सकाळ फार सुंदर होती. खांदेरी बेट मागे टाकलं आणि डॉल्फिन आले. खरे! काळ्या चकचकीत पाठी, एक वर, एक खाली, बोटीच्या अगदी शेजारून. श्वास सोडतात तो फुस्स आवाज ऐकू येतो. मी उभीच राहिले. हे ओरडले, "बस गो, बस! पडशील!" मी रडत होते की हसत होते मलाच कळलं नाही. मग कुलाबा किल्ला. त्याच्याकडे ओहोटीला वाळूतून चालत गेले होते एकदा, मुलांना घेऊन. पाण्यातून तो वेगळाच. बांधलेला वाटतच नाही. उगवलेला वाटतो.

हे सगळं नीट लिहायचं ठरवलं होतं.

चौलच्या समोर, किनारा म्हणजे नुसती रेघ, तिथे मला पाण्यात काळं दिसलं. म्हटलं आणखी एक डॉल्फिन. पण ते खाली जाईना. यांना दाखवलं.

"बोया असेल जाळ्याचा."

"बोयाला हात असतो काय?"

यांनी एकदा बघितलं आणि बोट वळवली. त्यानंतर हे मला ओळखीचे राहिले नाहीत. घरात चष्मा शोधणारा माणूस नव्हे हा! चेहरा एकदम गप्प. मशीन कमी, आणखी कमी, वाऱ्याच्या बाजूने गोल फिरून शेवटी बंद, आणि बोट आपली आपण त्या माणसापाशी जाऊन लागली, जशी उंबऱ्याला लागावी.

निळा प्लॅस्टिकचा कॅन पोटाशी धरलेला. ओठ पांढरे. यांनी हात दिला. त्याने धरला नाही!

"मला ऱ्हाऊ दे. ती तिकडं हाय. तिला घ्या आधी."

"कोण?"

"बायको माजी. नंदा. आताच व्हती."

त्याने बोटाने दाखवलं. तिकडे नुसतं पाणी.

यांनी त्याच्या शर्टाची कॉलर पकडली, मी दंड. बोट तिरकी झाली, पाणी आत आलं. मला पोहता येत नाही हे त्या वेळी आठवलंच नाही. ओढला. आत पडला आणि लगेच गुडघ्यावर उभा राहून पुन्हा तिकडेच बघायला लागला.

सखा त्याचं नाव. थेरोंड्याचा. नवरा-बायको दोघं छोट्या होडीने मासे मारतात. अंधारात जाळं ओढताना लाट बसली आणि होडी उलटली. त्याच्या हाताला कॅन लागला, तिच्या हाताला थर्माकोल. आधी जवळ होते, बोलत होते. मग पाण्याने लांब केलं. "आवाज येत व्हता तिचा. मंग नाय आला."

यांनी एकच विचारलं — "आवाज बंद झाला तेव्हा सूर्य कुठं होता?" सखाने हाताने दाखवलं. यांनी पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली समुद्रात टाकली, ती कुठे जाते ते बघत राहिले, आणि त्या दिशेने बोट काढली. मधेमधे फोन — पोलिसांना, उबेदभाईंना, सखाच्या गावात. आवाज चढला नाही एकदाही. मी पुढे खांबाला धरून उभी. प्रत्येक लाट म्हणजे डोकं. प्रत्येक सावली म्हणजे हात. नुसतं बघण्याने माणूस एवढं दमतं! सखा हाका मारत होता, "नंदे! नंदे गो!" घसा बसेपर्यंत. त्यानंतर नुसते ओठ हलत होते.

थेरोंड्याच्या होड्या आल्या, सगळा समुद्र चाळला. काही नाही.

परतताना सूर्य बुडत होता. पाणी सोन्याचं झालेलं, डोळे दिपावे असं. इतकं सुंदर! मला त्याचा राग आला. आणि तरी नजर हटली नाही, हे पण खरं.

रेवदंड्याला वाळूवर बायका उभ्या होत्या. त्यांनी आमच्या बोटीत वाकून बघितलं, आणि मग सगळ्या एकदम सखाकडे बघायला लागल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

सखाला अलिबागला दवाखान्यात ठेवलंय, छातीत पाणी गेलंय. त्याचा भाऊ जनू आमच्या बोटीत बसला. मला म्हणाला, "भाभी, तुमी नका येऊ." मी आधीच चढून बसले होते.

कोर्लईच्या डोंगराखाली खडक न् खडक बघितला. दिवसभर.

परत येताना हे सुकाणूवरून म्हणाले, "काही माणसं पाण्यातून काढली आम्ही तिकडे कुवेतला. काही नाय मिळाली."

"कधी सांगितलं नाहीत!"

"सुट्टीत येऊन ते काय सांगायचं गो?"

सुट्टीत हे ब्लँकेट आणायचे. चॉकलेटं, अत्तर. मी शेजारणींना दाखवायचे. आणि हा माणूस हे सगळं आत घेऊन माझ्याशेजारी जेवत होता, झोपत होता. मला वाटायचं, मी याला ओळखते. आज त्यांच्याकडे बघताना मला समुद्राकडे बघताना होतं तसं झालं.

११ नोव्हेंबर, सोमवार. अष्टमी

जनूनेच सांगितलं, भरती आहे, निघा. "तुमी लय केलंत." त्याने माझा नंबर घेतला. काही कळलं तर सांगतो म्हणाला. काय कळणार ते त्यालाही ठाऊक, मलाही.

साळावच्या पुलाखालून कुंडलिकेत, रोह्याच्या नदीत, शिरलो. भरतीचं पाणी मागून ढकलत होतं, मशीनला काही काम नव्हतं. यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं. "जिकडे जायचं त्याच्या उलट दांडा लोट. घाबरू नको, मी आहे." बोट माझं ऐकते! पण मला त्यात काही वाटेना. नदी वळणं घेत आत आत चाललेली, भात कापणीला आलेलं, पिवळं, डोंगर दोन्हीकडून जवळ येतायत, आणि माझे डोळे नुसते पाण्यावर. ओंडका दिसला की काळीज वर येतं. नारळ दिसला की काळीज वर येतं.

एकदा मात्र मान वर केली. डोंगराची अख्खी सावली पाण्यात उलटी पडलेली, जराही न हलता, आणि आम्ही तिच्या शिखरावरून चाललेलो. यांनी मशीन बंद केलं. कितीतरी वेळ तसेच वाहत होतो. त्या बाईसाठी दुवा मागितली. काय मागावं ते कळेना, म्हणून नुसतं नाव घेतलं — नंदा, नंदा.

काठावर शाहिद, त्याची बायको, आळीतली पोरं, सगळे हात हलवत. मी उतरले आणि रडू फुटलं. शाहिदला वाटलं, माहेरी आले म्हणून.

जिताडा केला होता. एकच घास गेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जनूचा फोन. हर्णैहून, पार रत्नागिरी जिल्ह्यातून. नंदा जिवंत आहे!!

दक्षिणेला चाललेल्या एका ट्रॉलरने शनिवारीच उचललं होतं तिला. त्यांचा वायरलेस बंद, आणि ती बेशुद्ध. हर्णैच्या दवाखान्यात काल रात्री शुद्धीवर आली, तोंडातून गावाचं नाव निघालं. जनू पहाटे पोचला.

"बोला वयनीशी," म्हणाला आणि फोन तिच्या कानाला लावला.

माझी तयारीच नव्हती. म्हटलं, "नंदा, मी सलीमा गो. तुझ्या सखाला आम्ही —"

घोगरा, मिठाने सोललेला आवाज. मला बोलूच दिलं नाही.

"बाय, ते जेवले काय?"