रविवारी मी हातोडा फेकणार

प्रिय बाबा,

निरोप समारंभाची पत्रिका मिळाली. गुळगुळीत कागद, माझा कधीचा तरी जुना फोटो आणि खाली 'आपल्या लाडक्या विजेतीची निवृत्ती'. निवृत्ती म्हणे! मला कुणी विचारलं होतं? क्लबचे अध्यक्ष रोमुआल्द फोनवर म्हणाले, "अगं, तुझ्या बाबांनी होकार दिलाय." छत्तीस वर्षांची घोडी झालेय मी, आणि अजून माझ्या वतीने तू मान डोलावतोस! तर ऐक. तुमचा समारंभ रविवारी, आणि राष्ट्रीय संघासाठी अंतर नोंदवायचा शेवटचा दिवसही रविवारच आहे. मी फुलं घ्यायला येत नाहीये, हातोडा फेकायला येतेय.

तुझा जीव गवतात आहे, ठाऊक आहे मला. फुटबॉलच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाच्या पोटी हातोडाफेक करणारी पोर यावी, हे तुझं नशीब! चार किलोचा लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. पडेल तिथे खड्डा. फुटबॉलची पोरं मला घूस म्हणायची. "झेनॉनकाका, तुमची घूस आली, मैदान सांभाळा!" आणि तू त्यांच्याबरोबर हसायचास. फार राग यायचा मला. माझ्या या दांडग्या खांद्यांवर आई शाल पांघरायची. कोच एडमुंडनी हातोडाफेकीच्या वर्तुळात उभं केलं, त्या दिवशी पहिल्यांदा ते खांदे मला आवडले.

तुझा नियम मात्र मी कधी मोडला नाही. आपला खड्डा आपणच बुजवायचा, उपटलेली गवताची ढेप परत बसवायची, टाचेनं दाबायची, पाणी घालायचं, मगच घरी जेवायला यायचं. युरोपची विजेती झाले तेव्हा बाकीच्या झेंडे घेऊन धावत होत्या आणि मी सवयीनं धावले ती माझ्या खड्ड्याकडे! मी ढेप दाबतेय आणि मागून परीक्षक ओरडतायत, "अहो बाई, त्याला आमची माणसं आहेत!" अख्खं स्टेडियम हसलं. तू ते टीव्हीवर पाहिलंस आणि फोनवर एवढंच म्हणालास, "ढेप उलटी बसवलीस." त्या रात्री मी पदक उशाशी घेऊन रडले, बाबा. आज सांगते.

पाठीचं ऑपरेशन झालं, गेल्या वर्षी अंतिम फेरीसुद्धा गाठली नाही, हे सगळं खरं. सकाळी बुटाची नाडी बांधायला मला खुर्ची लागते. पण म्हणून मी संपले, हे ठरवणारे रोमुआल्द कोण? वसंतापासून मी एडमुंडच्या पडीक शेतात फेकतेय. म्हातारा बांधावर बसून लोणच्याची काकडी चावत खेकसतो, "घाई कसली? बस चुकतेय का?" परवा गोळा शेत ओलांडून शेजाऱ्याच्या बिटाच्या वाफ्यात जाऊन पडला. शेजारी भांडायला आला, तर एडमुंड त्याच्या गळ्यातच पडला. कितीतरी वर्षांत तो तेवढा लांब गेला नव्हता.

आता खरं सांगते, हे पत्र कशासाठी. रविवारी तुझ्याच मैदानावर जिल्हा स्पर्धाही आहे, पण तुझ्या नव्या गवतापायी त्यातून हातोडाफेक तेवढी वगळलीय. परीक्षकांनी मला शब्द दिलाय, फेकायच्या वर्तुळाभोवतीची जाळी उघडी असेल तर ते अंतर मोजतील आणि निवडीसाठी ते धरलंही जाईल. जाळीला साखळी आणि कुलूप आहे, किल्ली तुझ्या कमरेला. साखळी तोडायला एडमुंड एका पायावर तयार आहे, पण मला तोडायची नाही. सगळ्या गावासमोर ते कुलूप तू उघडायचंस. रोमुआल्द लाल होऊन ओरडतील, ओरडू देत. आणि आणखी एक मागते. मी फेकला की तुझी नजर नेहमी जमिनीवर, गोळा कुठे पडणार तिकडे. या वेळी वर बघ. तो हवेत कसा जातो, ते तू आजवर एकदाही पाहिलेलं नाहीस.

तुझीच,
बोग्ना