लीलाधर साहेबांची उसनी आई

जळगाव, ९ जानेवारी २०२५

ती. नानामामांस,
हेमांगीचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या कंपनीचे लीलाधर साहेब केळीच्या प्रशिक्षणात बोलायला उभे राहिले की शेतकरी मोबाईल काढायचे. मीच त्यांना म्हटलं, साहेब, आकडे मागाहून, आधी एखादा माणूस उभा करा. मी आईची गोष्ट सांगते ना: केळीवर झाडावरून झाडावर पसरणारा हरण्या रोग आला तेव्हा बाबांना न विचारता तिने चाळीस रोगट झाडं उपटली, बाबांनी आठ दिवस अबोला धरला, पण बाग वाचली. ती ऐकताना कुणी जागचं हलत नाही.

मेल्याने काल वरिष्ठांपुढे तीच गोष्ट 'माझी आई' म्हणून सांगितली! वर डोळे पुसले. ज्या प्रशिक्षण प्रमुखाच्या जागेसाठी मी सहा वर्षं घासली, ती आता त्यांना मिळणार. दोन फेब्रुवारीला फैजपूरच्या मेळाव्यात पुन्हा तेच सांगतील. मला भर सभेत त्यांचं नाक कापायचं आहे. कसं, ते सांगा.

मामींना नमस्कार. तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
हेमांगी

धुळे, १५ जानेवारी २०२५

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझंच डोकं फिरलं. माझ्या बहिणीला आई म्हणतो, म्हणजे मी त्याचाही मामा झालो. मग कान पिळायलाच हवा.

तक्रार अर्ज करू नकोस, तो फिरून त्याच्याच टेबलावर जाईल. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारा बसतो. तो 'हं' म्हणेल तेव्हा गोष्ट पुढे सरकते, आणि मध्येच 'मंग?' विचारायचा हक्कही त्याचाच. तुझ्या आईलाच, आपल्या झुंबरला, पहिल्या रांगेत बसव आणि हुंकार देऊ दे. चोरलेली गोष्ट फार लांब नेता येत नाही. तुमच्या शेजारच्या बागेचे झिपरूभाऊ आहेत ना, त्यांनाही साक्षीला ने. सोडू नकोस त्याला.

मामी तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायचं ते दोन फेब्रुवारीनंतर. तब्येत सांभाळ, पत्राला उशीर लावू नकोस.
तुझा नानामामा

चोपडा, ३ फेब्रुवारी २०२५

ती. नानामामांस सा. न. वि. वि.

आई आधीपासूनच नको म्हणत होती. झिपरूभाऊ येणार कळल्यावर तर तिने गुडघे दुखतात म्हणून अंथरूण धरलं. मी हट्टाने दोघांना नेलं.

साहेबांनी सुरुवात केली, आईने 'हं' दिला. साहेब खूश, म्हणाले, मावशी अगदी रमल्या. झाडं उपटून झाली आणि ते टाळ्यांसाठी थांबले. तेवढ्यात आईने विचारलं, "मंग? उपटेल झाडं कोठे टाकात?"

साहेब गडबडले. म्हणाले, बांधावर. सगळा मंडप हसला. रोगट झाड खड्ड्यात गाडायचं असतं. बांधावर टाकलं तर शेजाऱ्याची बाग जाते, हे केळीवाल्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी उठले आणि सांगितलं की ज्या बाईची ही गोष्ट आहे ती झुंबरबाई इथे बसली आहे, आणि ती माझी आई आहे. साहेबांना वर बघवेना. नानामामा, खोटं कशाला बोलू, काळीज थंड झालं.

पण आई उभी राहिली. "हासू नका, भाऊ. मी बी बांधवरच फेकेल व्हतं."

झिपरूभाऊंची बाग त्या साली गेली, ती आमच्यामुळे. बाबांचा अबोला त्यासाठी होता. मरेपर्यंत त्यांनी त्याबद्दल कुणाकडे शब्द काढला नाही. इथे चोपड्याला आईच्या घरी येताना मी तिला म्हटलं, मग विचारलंसच कशाला? ती म्हणाली, वीस वर्षांत कुणीच विचारलं नाही, तूसुद्धा नाही, म्हणून मीच विचारलं. झिपरूभाऊ तर तिचं बोलणं संपायच्या आत टोपी घालून निघून गेले होते.

वरिष्ठांचा सकाळी फोन आला. जागा मला मिळाली आहे. हीच गोष्ट या शेवटासकट गावोगाव सांगा, म्हणाले.

आई सकाळपासून झिपरूभाऊंच्या ओट्यावर बसली आहे. दार आतून बंद आहे. मी शेजारी बसले तर मला म्हणाली, तू घरी जा, तुझं काम झालं.

लोभ ठेवा असं लिहायला आज हात धजत नाही.
हेमांगी